आडातलं औषध

आमच्याकडं औषध म्हणजे डॉक्टर देतो तेही आणि कापसावर फवारतात तेही. जिवाला कंटाळलेला माणूस पितो, तेही औषधच. त्यामुळं शेजारच्या ताराबाईच्या प्रवीणनं बूथवरून हैदराबादला फोन लावून माझ्या लेकीला ‘काकूच्या आडात औषध गेलंय, लवकर ये’ असं सांगितलं आणि खरखरीत तिला ‘काकू, औषध, लवकर ये’ एवढंच ऐकू आलं, तेव्हा शिवानीला काय वाटायचं ते वाटलं. घाटनांदूरच्या स्टेशनावरून ती पळतच घरी आली. मला दारात धडधाकट बघून गळ्यात पडली आणि अशी रडली, की खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. तिचे अप्पा गेले तेव्हा आली होती, त्यानंतर दोन वर्षं फिरकली नव्हती. रजा मिळत नाही, हे तिचं नेहमीचं रडगाणं.

घडलं होतं ते असं. यांच्यामागं औषधाचं दुकान बंद झालं. मुदत संपलेल्या गोळ्यांची खोकी घरात पडून होती. यांच्या हातचा माल उकिरड्यावर फेकायला माझा जीव होईना. देवाचं निर्माल्य पाण्यात सोडतो, तसा मी एका सोमवारी तो परसातल्या आडात सोडला आणि हात जोडले. मग पोहऱ्यातून लाल-पिवळ्या कॅप्सूल वर यायला लागल्या.

“आडात हाय तेच पोहऱ्यात येणार की वं!” म्हणत ताराबाईनं प्रवीणला बूथवर पिटाळलं. शिवानीची नोकरीच मुळी औषधाच्या कारखान्यातलं घाण पाणी साफ करायची.

खरा प्रकार कळला तशी पोरगी कडाडली. “माय, पाण्यात सोडलं म्हंजी गेलं, असं वाटलं व्हय तुला? डोळ्याला दिसत न्हाई, पर ऱ्हातंय. उकळलं तरी जात न्हाई.”

“मग जातंय कशानं?”

“कोळशानं. त्यो धरून ठेवतो.”

तिनं आड उपसून घेतला, गाळ काढला, पाकिटं वेचली. पिंपात खडी, वाळू आणि कारखान्यातून मागवलेला बारीक कोळसा असे थर लावले. आडाचं पाणी त्यातून गाळलं आणि बाटली भरून तपासायला हैदराबादला पाठवली. उत्तर येईपर्यंत ती इथंच राहणार होती. मला दुसरं काय हवं होतं? दोन ताटं मांडायची, तिनं मीठ जास्त झालं म्हणून कुरकुर करायची, मी तिच्या केसांवरून बोलायचं.

निरोप आला, पाण्यात अजून थोडं औषध आहे. शिवानीचं तोंड उतरलं. मी मात्र आत जाऊन शेंगापोळ्या लाटायला घेतल्या. आशा मोठी वाईट असते.

तिनं कोळसा बदलला, पुन्हा बाटली पाठवली. या खेपेला पाणी साफ निघालं. त्याच दिवशी ती पिशवी भरायला लागली.

“आणखी एकदा तपास की,” मी म्हणाले.

“आता साफ हाय, माय.”

“थोडं ऱ्हायलं असतं तर काय बिघडलं असतं?”

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. तिला कळलं.

“त्याच्यासाठी पाणी नासवावं लागतंय का गं? ‘ये’ म्हनायचं.”

म्हणायचं! दर रविवारी बूथवर उभी राहून मी शेंगांचा भाव, ताराबाईची म्हैस, गावातली लग्नं, सगळं सांगायची. तो एक शब्द तेवढा तोंडातून निघायचा नाही. कमावत्या पोरीच्या पायात आपण कशाला अडकायचं, असं वाटायचं.

गाडीची वेळ झाली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून ती म्हणाली, “येते, माय.”

निघताना आपल्याकडं ‘जाते’ म्हणत नाहीत. त्यावर काय म्हणायचं तेही ठरलेलं. आल्या-गेल्या पाहुण्यांना जन्मभर म्हणत आले.

“ये,” मी म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “ये गं, शिवानी.”

ती वळणापार गेली, तरी मी म्हणतच होते.