सोमाजीच्या गोठ्यातले जू

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला चित्रातच पाहिले असेल. मी जू आहे, बैलांच्या मानेवर ठेवतात ते. डिंगोरे गावच्या सुताराने बाभळीच्या लाकडातून मला तासून काढले, तेव्हा सोमाजी आणि सारजाबाईचे लग्न नुकतेच झाले होते.

नांगर सोमाजी धरायचा, पण माझी काळजी सारजाबाई घ्यायची. बैल जुंपण्याआधी ती माझ्यावरून तळहात फिरवायची. कुठे ढलपी उठलेली लागली, तर विळ्याने खरवडून करंजाचे तेल चोळायची. "मुक्या जिवाची मान सोलली, तर त्यानं सांगायचं कुणाला?" असे म्हणायची. बायका तिला हसायच्या. "सारजाबाई, जू हाय का पोराचा पाळणा?" मी मनातून फुलून जायचो.

ते कुटुंब ख्रिस्ती होते. रविवारी औत बंद. दोघे जुन्नरला उपासनेला जायचे.

अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यात सारजाबाई तापाने गेली. सोमाजीने मला खुंटीवर टांगले. रान पडून राहिले. रविवारीही तो घराबाहेर पडेना.

त्याची थोरली बहीण ठमाबाई गावातच दिलेली होती. ती भाकरी घेऊन यायची आणि शुभवर्तमानातले थोडे वाचून दाखवायची. एकदा तिने जुवाचे वचन वाचले. येशू थकलेल्यांना जवळ बोलावतो, माझे जू घ्या म्हणतो, आणि ते सोपे आहे असे सांगतो.

सोमाजी उसळला. "मिटव ते, आक्का! जू आन् सोपं? बैलाची मान बघ जा. सारजा गेल्यापास्नं मला हातरुणातनं उठवत न्हाई. याचा अर्थ सांग, न्हाईतर मला परत प्रार्थनेला बोलवू नगंस."

"मला बी न्हाई कळला, सोमा," ठमाबाई म्हणाली. "खोटं कशाला सांगू?"

तिने पुस्तक मिटले. मला वाटले, आता हा माणूस कायमचा खाली बसला.

थंडी पडू लागली तेव्हा शेजारचे गेणभाऊ आले. "सोमाजीराव, उठा राव! आमचं खोंड लई उधळतंय. परवा मलाच बांधाखाली निजवलं त्यानं. तुमच्या मोऱ्यासंगं फिरवा जरा."

"तुमीच ऱ्हावा की मोऱ्याशेजारी."

"मी घरी रोजच जुपलेला हाय!"

सोमाजीला हसू आले नाही, पण तो उठला. मोऱ्या हा त्याचा जुना, शांत बैल. त्याने माझी एक बाजू मोऱ्याच्या मानेवर ठेवली, दुसरी त्या खोंडाच्या. मग नांगराचा दांडा मला बांधताना त्याचा नाडा, म्हणजे बांधायचा दोर, मधोमध न घेता मोऱ्याकडे सरकवला. नवे जनावर शिकवताना तो नेहमी असेच करायचा.

खोंड दोनदा अडले, मग मोऱ्याच्या चालीने चालू लागले. भाकरी घेऊन आलेली ठमाबाई बांधावरून बघत होती.

"सोमा, नाडा मधी का न्हाई बांधलास?"

"नव्याला भार सोसत न्हाई, आक्का. नाडा ज्याच्याजवळ, वझं त्याच्यावर. मोऱ्या वढतो. ह्यानं नुसतं संगं चालायचं..."

त्याने कासरा ओढला. बैल थांबले. ठमाबाई हळूच म्हणाली, "मंग तुझ्या जुवात पलीकडं कोण हाय, सोमा?"

सोमाजीने माझ्यावर दोन्ही हात ठेवले. सारजाबाई गेल्यापासून न रडलेला तो माणूस तिथे, रानात, मोठ्याने रडला. "येशू म्हणतो, माझं जू. म्हंजी त्यो संगं हाय. आन् मी एकलाच वढाय बघत व्हतो."

खोंडाने दचकून कान हलवले. मोऱ्या उभाच राहिला.

रविवारी सोमाजी जुन्नरच्या गाडीत बसला. त्याचे दुःख काही संपले नाही. पण तो चालू लागला.

पुढे गावात ट्रॅक्टर आले. आता मी माळ्यावर धूळ खात पडलो आहे, एका टोकाला वाळवी लागली आहे. माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या शेजारी कुणी दुःखाने खाली बसले असेल, तर वचन वाचून लगेच उठू नका. अर्थ सांगता आला नाही तरी चालेल. त्याच्याशेजारी जुवाखाली आपली मान ठेवा, आणि नाडा थोडा आपल्याकडे सरकवून घ्या.