मेल्यावर एकच वाक्य

मी हेडफोन. गाणी ऐकायचा नाजूकसाजूक नव्हे, गेम खेळणाऱ्यांचा. जाडजूड, गालापाशी माइकची दांडी असलेला. माझ्याशिवाय टीम बहिरी. ही बढाई नाही, पुढे तुम्हालाच पटेल.

कारखान्यात एका बाईने माझ्या कानांवर काळ्या गाद्या चढवल्या, दुसरीने माइकवर टिचकी मारून बघितली आणि मी खोक्यात बंद झालो. बाहेर आलो तो एका गेमिंग कॅफेत. एका ओळीत पाच कॉम्प्युटर, कुरकुरणाऱ्या चाकांच्या खुर्च्या, खिडकीला जाड पडदे. मला विकत घेतलं होतं तिथे खेळणाऱ्या टीमच्या कॅप्टनने. कॅप्टन म्हणजे कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी. आवाज बारीक, पण बोलणं मोजूनमापून.

हा खेळ कधी बघितला नसेल तर बाहेरून वाटतं, पोरं नुसती बंदुका झाडतायत. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पाच जण इकडचे, पाच जण तिकडचे. एका टीमने बॉम्ब ठेवायचा, दुसरीने तो ठेवू द्यायचा नाही, आणि ठेवलाच तर फुटायच्या आत निकामी करायचा. गोळी लागून मेलात की तो राउंड संपेपर्यंत परत यायचं नाही. जो साथीदार जिवंत आहे त्याला काय दिसतंय, काय ऐकू येतंय, तेवढं आपल्या जागेवरून बघत-ऐकत बसायचं.

खरी गंमत मात्र कानात आहे. भिंतीपलीकडे पाऊल वाजलं तर ते डावीकडे की उजवीकडे, लोखंडी जिन्यावर की मातीत, हे मी सांगतो. मग ती पोरं दोन शब्दांत एकमेकांना कळवतात. 'जिना, दोन.' 'गोदाम, रिकामं.' नकाशातल्या कोपऱ्यान्‌कोपऱ्याला त्यांनी नाव ठेवलेलं. खेळ संपला की हीच मंडळी एकाच वेळी बोलतात आणि कुणीच कुणाचं ऐकत नाही. पण मॅच सुरू झाली की एक शब्द फुकट जात नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं, अजून वाटतं.

कॅप्टनचा मामा रोज संध्याकाळी तिला न्यायला यायचा. तो मोटार ड्रायव्हिंग शिकवायचा. त्याच्या गाडीत एक जास्तीचा ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाशी. शिकणारा चुकतोय असं वाटलं की मामाने दाबलाच म्हणून समजा. कॅफेत आला तरी तो खुर्चीमागे उभा राहून सूचना द्यायचा, 'हळू घे, डावीकडे बघ, घाई कशाला.' पोरं मान न वळवता 'हो मामा' म्हणायची आणि करायचं तेच करायची.

त्या वर्षी स्पर्धेची निवड फेरी जिंकली तर फायनल मोठ्या हॉलमध्ये होणार होती, स्टेजवर, समोर खचाखच प्रेक्षक. कॅप्टनची ती संधी दोनदा अगदी थोडक्यात हुकली होती. कॉलेज संपलं की पाची जण नोकऱ्यांसाठी पांगणार हे ठरलेलं. म्हणजे यंदा नाही, तर कधीच नाही. आणि नेमका तेव्हाच त्यांच्यातला सगळ्यात उंच पोरगा, लंबू, सायकलवरून पडला, मनगटाला प्लास्टर. पाच जण नसतील तर टीम बाद, असा नियम. कॅप्टनचं ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालं. कुणाची परीक्षा, कुणाचं लग्नकार्य, कुणी फोनच उचलेना.

"मी बसतो की," मामा म्हणाला.

कॅप्टनने स्वतःचा हेडफोन, म्हणजे मला, त्याच्या डोक्यावर चढवलं आणि स्वतःसाठी कॅफेतला एक जुना उचलला. मामाचं डोकं मोठं, केस तेलकट. माझ्या गाद्यांचं जे व्हायचं ते झालं.

तसा मामा वाईट नव्हता. नवखे लोक या खेळात वाऱ्यावर स्वार होऊन पळतात आणि पहिल्याच वळणावर मरतात. मामा प्रत्येक वळणावर थांबायचा, दोन्हीकडे बघायचा, मगच पुढे जायचा. ती त्याची सवयच. अडचण व्हायची ती मेल्यावर. टीमचा नियम असा, की मरणाऱ्याने एकच वाक्य बोलायचं: शत्रू कुठे आणि किती. मग तोंड बंद, कारण जिवंत माणसाला पावलं ऐकायची असतात.

"मामा, मेलेली माणसं बोलत नाहीत," कॅप्टनने समजावलं.

"मग माझ्या मरण्याचा उपयोग काय?" मामाने विचारलं.

आणि बोलत राहिला. सरावाच्या एका मॅचमध्ये तो आधीच मेला होता, कॅप्टन एकटी उरली होती, दाराशी पोचली होती. मामा ओरडला, "थांब, थांब, थांब!" ती थांबली. तिला गाडी चालवायला मामानेच शिकवलं होतं, त्यामुळे त्याच्या 'थांब'वर तिचा हात आपोआप थांबायचा. ती थांबली तिथेच गोळी खाऊन पडली.

कॅप्टन एरवी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. म्हणाली, "मामा, गाडी मी चालवते आणि पाय तुझा असतो ब्रेकवर. मला एकदा तरी माझी मी जाऊ दे ना."

मामाने मला डोक्यावरून काढून टेबलावर ठेवलं. इतक्या हळू मला कुणी ठेवलं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं आणि तिचंही पटलं.

निवड फेरीच्या मॅचमध्ये दोन्ही टीम बरोबरीत आल्या. शेवटचा राउंड, जो जिंकेल तो फायनलला. सुरुवातीलाच मामाला गोळी लागली. त्याने माइकमध्ये सांगितलं, "टाकीमागे एक, जखमी." आणि गप्प झाला. मी वाट बघत होतो. पुढचा शब्द आलाच नाही.

थोड्या वेळात आमचे आणखी तिघे पडले. कॅप्टन एकटी, समोर दोघे, आणि गोदामात बॉम्ब टिकटिकत होता. ती टाकीला वळसा घालून गेली आणि त्या जखमीला तिने टिपलं. उरला एक. तो कुठे दडलाय, कुणालाच माहीत नाही. ती बॉम्बपाशी गेली आणि निकामी करायला लागली. त्याचा बारीक आवाज होतो, तो शत्रूलाही ऐकू जातो. आणि तिने काय केलं? अर्ध्यावर हात काढून घेतला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली.

शेजारच्या खुर्चीत मामा अर्धवट उठला. बॉम्ब फुटायला आला होता आणि पोरगी हात सोडून उभी! त्याच्या घशात शब्द आलेला मला कळला, मी त्याच्या गालालाच होतो. त्याने माझी दांडी मुठीत धरली आणि आवळली. जसजसे क्षण जात होते तसतशी आवळत गेला.

मग मला ऐकू आलं. उजवीकडे, जिन्यावर, एक पाऊल. आवाज ऐकून, ती कामात गुंतलीय असं समजून तो खाली येत होता. तिने त्याला मुद्दामच बोलावलं होतं. दुसरं पाऊल वाजलं आणि ती वळली. एकच गोळी. मग ती पुन्हा बॉम्बवर वाकली, आणि फुटायच्या अगदी तोंडावर तो निकामी झाला.

कॅफेत नुसता दंगा झाला. लंबू प्लास्टरसकट नाचला. कॅप्टन मात्र मामाकडे वळली.

"मला वाटलं होतं, तू ओरडशील."

"ओरडणारच होतो गं," मामा म्हणाला आणि त्याने मूठ उघडली. मुठीत माझी माइकची दांडी होती, मुळापासून तुटलेली.

कॅप्टनने ती मूठ दोन्ही हातांत धरली. बराच वेळ सोडली नाही.

फायनलपर्यंत लंबूचं मनगट बरं झालं. टीम स्टेजवर खेळली, दुसरी आली, आणि भरल्या हॉलने उभं राहून टाळ्या वाजवल्या. आता ती सगळी वेगवेगळ्या गावांना असतात, सुट्टी जमली की ऑनलाइन एकत्र खेळतात. त्या संध्याकाळी मामा मला कपाटातून काढतो, माझ्या फाटलेल्या गाद्या रुमालाने पुसतो आणि तिची मॅच ऐकत बसतो. मोक्याच्या क्षणी अजूनही त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. तोंडातून अवाक्षर निघत नाही.

हल्ली शेजारीपाजारी त्याला सांगतात, माइक बसवून मिळतो, दुकान जवळच आहे. तेव्हा माझी एवढीच विनंती, मला दुरुस्तीला नेऊ नका. तिकडे ती जिन्यापाशी पोचलीय, आणि आम्हा दोघांना ऐकायचंय.