बाप्तिस्म्याआधी

पाळकसाहेबांपुढे चहाचा कप ठेवून आत जायचं, तर कलाबाईंनी समोरच्या खुर्चीत बसकणच मारली. बाळाला माती देऊन आल्यापासून घरात माणसांची रीघ लागली होती. अख्खं शरणपूर येऊन गेलं. जो तो म्हणे, "देवाची ठेव, देवानं नेली." लोकांचं काय जातं बोलायला! माना हलवून हलवून कलाबाई थकून गेल्या होत्या.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा ना."

"नातवाचा बाप्तिस्मा राहिला. माझ्यामुळं राहिला." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "राकेश म्हणत होता, येत्या रविवारी उरकून घेऊ. मीच हट्टाला पेटले. मस्कतची लेक येणार, ती धर्ममाता होणार, केक, पांढरा झगा, सगळं कसं थाटात! म्हटलं, नाताळात करू. दिवाळीच्या आतच न्यूमोनियानं पोर नेलं. माझी आजी सांगायची, बिनबाप्तिस्म्याचं लेकरू स्वर्गाच्या दाराबाहेर राहतं. कबरस्थानातही त्यांना कुंपणाच्या कडेला पुरायचे. खरं सांगा, कुठंय माझं पोर?"

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला.

"कलाबाई, असलं मनात आणू नका. एवढ्याशा जिवानं कुणाचं काय वाईट केलं? बाप्तिस्मा ही देवाच्या प्रेमाची खूण. खूण करायची राहिली म्हणून प्रेम राहतं का? अहो, एसटीतसुद्धा तान्ह्या लेकराचं तिकीट मागत नाहीत, आणि आपला प्रभू मागेल?"

"नाही ना मागणार?"

"नाही. पोचलंय ते."

कलाबाईंना हुंदका फुटला. छातीवरचा धोंडा कुणी बाजूला सारावा तसं झालं. साहेब चपला घालायला उठले, तशा त्या लगबगीनं स्वयंपाकघरात गेल्या. सुनेला कधी सांगते असं झालं होतं.

मोहिनी नळ सोडून मोरीपाशी उभी होती. सायखेड्याच्या फुलशेतीवाल्यांची ही लेक. राकेशशी तिनं कोर्टात लग्न केलं. घरात येशूच्या तसबिरीला हात जोडायची आणि खिडकीतल्या तुळशीला पाणीही घालायची. तिनं बाप्तिस्मा घ्यावा म्हणून कलाबाईंनी चार वर्षं देवापुढे गुडघे टेकले होते. कधीमधी टोमणेही मारले होते.

"ऐकलंस का गं? साहेब म्हणाले, बाळ पोचलं. सुखात आहे."

"ऐकलं." मोहिनीनं नळ बंद केला. "तान्ह्याला तिकीट नाही लागत. मोठ्या माणसाला लागतं ना, आई?"

कलाबाईंना चटकन काही कळलं नाही.

"तुम्ही जाल तिथं. हे जातील, मस्कतच्या ताई जातील. सगळे त्याला घ्याल. मला कोण आत येऊ देणार?" तिचा आवाज चिरकला. "मी घेते बाप्तिस्मा. या रविवारीच घेते. मग तर भेटेल ना मला?"

हे ऐकायला जीव आसुसला होता! आणि आता सुनेच्या तोंडून ते आपसूक आलं, तर कलाबाईंना ते घ्यायचं बळ होईना. बाहेर पाळकसाहेब स्कूटरला किक मारत होते. एक हाक मारली असती तर माघारी आले असते. कलाबाईंच्या तोंडून हाक निघाली नाही. स्कूटर सुरू झाली आणि फाटकाबाहेर गेली.

त्यांनी मोहिनीचे ओले हात आपल्या पदरानं पुसले.

"असं भिऊन नको घेऊ, पोरी. पुढंमागं मनापासून वाटलं तर घे, नाहीतर राहू दे."

"पण मग तो..."

"तुला दारात अडवलं ना, तर मी त्याला कडेवर घेऊन बाहेर येईन. तुझ्यापाशी बसेन. मग बघू, आम्हाला कोण आत ओढून नेतं ते."

बोलून झालं आणि कलाबाई स्वतःच चरकल्या. देवाबद्दल असं त्या जन्मात बोलल्या नव्हत्या. पण शब्द मागं घेतला नाही.