चादरीच्या कोपऱ्यातलं लेबल

विणकरांच्या गल्लीत आता मागाचा खडखडाट ऐकू येत नसे. आबांचा मागही बंद होता. सवयीनं ते त्यावर नुसते बसत.

पुढच्या खोलीत सून चादरींचा ढीग घेऊन बसली होती. परदेशी चादरीच्या कोपऱ्यातलं लेबल ब्लेडनं उसवायचं आणि तिथे 'इथेच विणलेली' असं लेबल शिवायचं. व्यापारी हे काम घरोघर देई. बोलत कोणी नसे. आपलेच दात, आपलेच ओठ.

"आबा, उद्या साहेबांपुढे काय बोलणार?" सुनेनं विचारलं. आयातीच्या धोरणावर विणकरांचं म्हणणं ऐकायला अधिकारी येणार होते आणि आबा गल्लीचे पुढारी.

"बाहेरच्या कापडावर जकात वाढवा, आयातीचा कोटा कमी करा."

ती हसली. "वाढवा की! मागे वाढली तेव्हाच तर हे काम घरात आलं. जकात चुकवायची, तर चादरीला इथलं व्हावंच लागतं ना? आणखी वाढली, तर जाऊबाईंनाही बोलावते मदतीला."

आबांना हसता येईना. तिच्या बोटांवर ब्लेडचे चरे होते. तेच हात त्यांना रोज जेवायला वाढत आणि ते खाली मान घालून जेवत.

दुसऱ्या दिवशी सभेत अधिकाऱ्यांनी विचारलं, "चोरटा माल इथला म्हणून कोण खपवतं?"

"व्यापारी!" सगळे ओरडले.

"आणि लेबलं कोण बदलतं?"

शेजाऱ्यानं आबांना कोपर मारलं. "माहीत नाही म्हणा. पुढारी ना तुम्ही?"

आबा उठले. पाठ केलेलं भाषण त्यांनी बाजूला ठेवलं.

"माझ्या घरी बदलतात," ते म्हणाले. "ब्लेड सुनेच्या हातात असतं, पण दोष माझा. माग बंद पडल्याचं रडगाणं मी गावभर गायलो आणि हे मात्र झाकून ठेवलं. आजपासून माझ्या घरात हे काम होणार नाही. जकात वाढवाल, तेव्हा आमची घरंही तपासा."

"म्हातारा चळला!" मागून कोणीतरी म्हणालं. "स्वतःबरोबर गल्लीलाही बुडवतोय."

बायकांच्या घोळक्यातून सून उठली. "त्यांनी एकट्यानं का सोसावं?" असं म्हणत तिनं चऱ्यांनी भरलेले दोन्ही हात पुढे केले.

अधिकारी बाकीच्या बायकांकडे पाहू लागले. एकेक करत सगळ्यांनी हात पाठीमागे घेतले.

आणि त्याच चादरी स्वस्त म्हणून घरी आणणारे आपण? आपले हात कुठे ठेवायचे?