कुसळे येण्याआधी

मित्रांनो, जाड कागदावर दोऱ्याने टाचलेला, मुळांसकट वाळलेला गवताचा एक ठोंब वनस्पतींचे नमुने ठेवायच्या लोखंडी कपाटात पडून आहे. तो मी. काही गवते एका हंगामात उगवून मरतात. आमची जात तशी नव्हे. पाऊस सरला की आम्ही वरून वाळायचो आणि हातभर खोल मुळांवर तग धरून राहायचो. असे मी तीसेक उन्हाळे काढले.

आमच्या माळावर एक म्हातारा मेंढपाळ यायचा. तो कळपाला एका जागी फार वेळ रेंगाळू देत नसे. त्यामुळे त्याच्या मेंढ्याही जगल्या आणि आम्हीही.

एके वर्षी पावसाच्या सुरुवातीला गवते ओळखणाऱ्या एक बाई आल्या. माळावर गोदामे बांधायची होती. इथले मूळचे गवत सापडले तर माळ राखायचा, बाहेरून आलेले तण असेल तर सगळे उखडून जमीन सपाट करायची, असे ठरले होते. बाईंनी गुडघे टेकले, डोळ्याला भिंग लावले, माझ्या पात्यांचे बूड पाहिले, पेरांवरचे केस पाहिले. पण मला अजून तुरा आला नव्हता, आणि त्यावाचून आमच्यात नि त्या परक्या गवतात फरक करणे फार कठीण.

मेंढपाळ म्हणाला, "बाई, दोन महिने थांबा. कुसळं आली की तुमचं तुम्हालाच कळेल. माझ्या आजोबांच्या मेंढ्या हेच गवत खायच्या."

बाईंना आठ दिवसांत अहवाल द्यायचा होता. त्या वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्यांनी वहीत लिहिले : बाहेरचे तण.

दोन महिन्यांनी मला तुरा आला. लांब तांबूस कुसळे वेणीसारखी एकमेकांत गुंतली. मेंढपाळाने मला मुळांसकट उकरले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि बसने नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवले. बाईंनी एक कुसळ पाण्यात बुडवले. त्याचा पीळ सुटू लागला आणि ते हळूहळू फिरू लागले. ही इथल्या मूळच्या गवताचीच खूण होती.

"काका, मी चुकले," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं होतंत."

"माझं राहू द्या. गोदामवाल्यांना सांगा. सोमवारपासून यंत्रं चालू झालीत."

त्याच दुपारी दोघे गोदामे बांधणाऱ्यांच्या कचेरीत गेले. मीही फडक्यात होतो. तिथल्या साहेबांनी दोघांना बसवले, सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग जुना अहवाल पुढे सरकवला. "या कागदावरही सही तुमचीच आहे ना, मॅडम?"

बाई "हो" म्हणाल्या, आणि काम थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी ते माळावर पोहोचले तेव्हा एक पट्टा तेवढा उरला होता. संध्याकाळपर्यंत तोही गेला. माझे भाऊबंद मुळे वर करून पडले होते. मेंढपाळाने कळप विकला आणि तो शहरात लेकीकडे राहायला गेला. जाताना तो बाईंना लागेल असा एक शब्दही बोलला नाही. बाईंना तेच सोसवले नाही.

माझ्या बिया त्यांनी ट्रेमध्ये पेरल्या, दोन वर्षे पेरल्या. काही उगवल्या, उन्हाळा एकीनेही काढला नाही. मला त्यांनी टिपकागदात दाबून वाळवले. लेबलवर आधी माझे चुकीचे नाव लिहिले, मग त्यावर रेघ मारून खाली खरे लिहिले आणि सही केली. चूक दिसत राहावी, म्हणून.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. क्वचित एखादी विद्यार्थिनी मला बाहेर काढते आणि हे गवत कुठे पाहायला मिळेल, असे विचारते. कपाट सांभाळणाऱ्या मावशी म्हणतात, "त्या एका माळावरच उरलं होतं, आता कुठेच नाही गं. पाहून झालं असेल तर आत ठेव."

मित्रांनो, कोणाची ओळख लिहून द्यायची वेळ आली, तर त्याच्याजवळ राहणाऱ्याला आधी विचारा आणि तुरा येईपर्यंत थांबा. हे मी माझ्यासाठी सांगत नाही. माझ्या बियांमध्ये आता जीव उरलेला नाही. पण कुठेतरी एखादा माळ अजून हिरवा असेल, आणि त्याच्यापुढे या क्षणी कोणीतरी घाईने पेन उघडत असेल.