धूर बंद करता येतो

चिरागला मी शंभरदा सांगितलं असेल की बाबा रे, हा गेम असला तरी खेळ नाही. पण ऐकेल तर तो चिराग कसला! रोज सकाळी पालघरहून बोईसरला आमच्या खोलीवर यायचं, चहा ढोसायचा आणि मी केलेल्या स्वच्छ चित्रावर काहीतरी फासून ठेवायचं. एक दिवस धूर. दुसऱ्या दिवशी दिव्यांभोवती झगमग. तिसऱ्या दिवशी काय, तर माणूस पळाला की सगळी स्क्रीन थरथरणार.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"इफेक्ट्स. ऑप्शनल आहेत गं मेघाली. नको असेल त्याने मेनूत जाऊन बंद करावेत."

ऑप्शनल! म्हणजे घाण करून ठेवायची आणि वर पाहुण्याला सांगायचं, झाडू कोपऱ्यात आहे. मी त्याला तोंडावर म्हटलं, "तुला गेम करता येत नाही, म्हणून तू पावडर लावतोस." तो दोन दिवस घुश्शात होता. असू दे घुश्शात.

गेम साधा होता. तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीला हवा होता, कामगारांना शिकवायला. अमोनियाची टाकी फुटते, तुम्ही प्लँटच्या मधोमध उभे आहात, जिवंत बाहेर पडा. छतावर वारा दाखवणारी केशरी-पांढरी कापडी नळी असते. साहेब लोक तिला विंडसॉक म्हणतात, कामगार म्हणतात लेंगा. लेंगा जिकडे फुगलाय तिकडे गॅस चाललाय. आपण वारा आडवा कापायचा आणि उत्तरेच्या छोट्या दारानं सटकायचं. एवढंच शिकायचं. मग लेंगा दिसायला नको?

माझ्या बाबांना तो दिसला नाही. किंवा दिसून त्यांनी बघितला नाही, असं मी सात वर्षं धरून चालले होते. रामनाथ, ऑपरेटर, राहणार कुंभवली. याच कंपनीत, संध्याकाळच्या पाळीत, गॅस सुटला आणि ते वाऱ्याबरोबर थेट मेन गेटकडे पळाले. गेटच्या अलीकडे वीस पावलांवर सापडले. चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं: "विंडसॉक स्पष्ट दिसत असतानाही सदर कामगार वाऱ्याच्या दिशेने गेला." खाली सही विक्रम साहेबांची, सेफ्टी ऑफिसर. आधी मला कंपनीचा राग आला. मग तो कागद वाचून वाचून बाबांचाच राग यायला लागला. वीस वर्षं नोकरी, आणि मान वर करून एकदा बघता येऊ नये? मी हे काम घेतलं म्हणून आई, जयवंती तिचं नाव, महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तिला काय सांगू, की मी नकाशा तोच ठेवलाय, वेळ तीच, वारा तोच? समुद्राकडून गेटकडे. मला दाखवायचं होतं की माणूस वाचू शकत होता. नुसतं बघितलं असतं तर.

चाचणी कंपनीच्या कँटीनमध्ये झाली. विक्रम साहेब खुर्ची टाकून बसले, मागे सहा कामगार. आधी माझं चित्र, इफेक्ट्स सगळे बंद. निळसर आकाश, छतावर ठसठशीत लेंगा. सहाच्या सहा पास! प्रदीप नावाचा फिटर तर माऊस आयुष्यात पहिल्यांदा धरत होता, तोही मिनिटभरात उत्तरेच्या दारातून बाहेर.

"व्हेरी गुड," साहेब म्हणाले.

मग चिरागनं त्याची झगमग चालू केली. सुरुवातीला त्यानं संध्याकाळचं धुकं ठेवलं होतं, नुसतं शोभेचं, जमिनीलगत. टाकी अजून फुटायची होती, सायरन वाजायचा होता, आणि प्रदीप सुसाट पळत सुटला.

"अहो थांबा, ते धुकं आहे!" चिराग ओरडला.

"धुकं कसलं? इथं जमिनीवर पांढरं दिसलं की पळायचं," प्रदीप म्हणाला आणि पळतच राहिला.

केळी-चिकूच्या वाडीत वाढलेल्या चिरागला हे कसं कळणार! मी मोठ्यानं हसले. मुद्दाम हसले. मग खरा धूर आला आणि एकामागून एक सहाही जण मेले. सगळे एकाच जागी, मेन गेटच्या अलीकडे. मी टाळ्या वाजवायच्याच तेवढ्या बाकी होत्या.

"बघितलंस? तुझ्या पावडरीनं सहा माणसं मारली," मी चिरागला सगळ्यांदेखत म्हटलं. त्याचे कान लाल झाले.

साहेबांनी निकाल दिला. "ते सगळं काढून टाका. पहिलं फायनल."

आणि तेव्हा मागून आवाज आला. "पयला खोटा हाय."

बुधीमावशी. ठेकेदाराकडची सफाईवाली, डोंगरावरच्या पाड्यातून येते. ती सहांमधली शेवटची, नुकतीच मेलेली. अजून स्क्रीनकडेच बघत होती.

"काय खोटं?" मी विचारलं.

"त्या दिवशी लेंगा कुनाला दिसलाच नाय. आसाच पांढरा झालता सगला. डोले उघडत नव्हते."

"तुम्ही होतात त्या दिवशी?"

"व्हते ना. तुज्या बापाच्या मागंच व्हते."

मला कुणी सांगितलं नव्हतं. कागदावर तिचं नाव नव्हतं, ठेक्यावरच्या बाईचं कोण लिहितो! मी घुश्शातच विचारलं, "मग गेटकडे का पळालात? डोकं नको का चालवायला?"

मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की मला खाली बघावंसं वाटलं. "डोकं? शिकलेली पोरगी तू, बापाला आंधला समजते काय? दिवा दिसत व्हता. गेटावरचा मोटा दिवा, बाकी काय नाय. मानूस दिव्याकडं जानार नाय तं कुटं जानार? तो दिव्याकडं गेला. मी गटारात पडले, थोबाड चिखलात, म्हनून वाचले. हुशार व्हते म्हनून नाय."

मला तिचा संताप आला. खरं सांगते, आला. सात वर्षं घट्ट बांधून ठेवलेलं कुणी असं कँटीनमध्ये सोडतं का? मी माऊस ओढला. "सरका. मी दाखवते."

नकाशा माझा. भिंत न् भिंत मी काढलेली. उत्तरेचं दार पंपाच्या डाव्या हाताला, डोळे मिटून सांगेन. टाकी फुटली, स्क्रीन थरथरली, पांढरं आलं. मी डावीकडे वळले. पंप लागला नाही. परत वळले. पाइप आला, तो कुठला हेच कळेना. वर बघितलं, पांढरं. घाम फुटला मला, हसू नका, खुर्चीवर बसून घाम फुटला. आणि मग एका बाजूला पिवळा गोळा दिसला, चिरागच्या त्या झगमगीनं पसरलेला, ऊबदार, ओळखीचा. मी त्याच्याकडे पळत सुटले. मला माहीत होतं तो कुठला दिवा आहे. माहीत असून पळाले.

गेटच्या अलीकडे मी मेले.

बाबा, मी मनात म्हटलं, बाबा, माझं चुकलं हो.

साहेब उठले. "तर पहिलं व्हर्जन फायनल. पुढच्या महिन्यात ऑडिट आहे. सहापैकी सहा पास, मस्त दिसेल."

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"धुराचंच राहील. बंद करायचं बटणही काढून टाकणार. आणि त्यात शिकवायचं ते वेगळं शिकवू. दिवा दिसला तर दिव्याकडे जाऊ नका, हे शिकवू."

"अगं, तूच तर..." चिराग बोलायला लागला.

"तू गप बस. तुझं बरोबर होतं, पण का बरोबर होतं ते तुला माहीत नाही."

विक्रम साहेब हसले. समजुतीचं, वरून खाली. "मॅडम, भावना समजतात. पण त्या दिवशी विंडसॉक दिसत होता. मी स्वतः रिपोर्ट केलाय."

"कधी बघितलात?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. पंचनाम्याच्या वेळी. अगदी स्पष्ट."

बुधीमावशी नाकातून हसली. मी गेम पुन्हा सुरू केला, सायरन वाजू दिला, पांढरं पसरू दिलं. मग माऊस त्यांच्यापुढे सरकवला.

"बसा. लेंगा दाखवा मला."

ते बसले. कामगार मागे सरकून गोल उभे राहिले. साहेबांनी माऊस उजवीकडे नेला, डावीकडे नेला, मान वर केली. पुन्हा केली. चष्मा काढून पुसला. चिरागनं एवढ्या मेहनतीनं केलेला धूर त्यांच्या तोंडासमोर संथपणे फिरत होता, आणि पलीकडे तो पिवळा गोळा.

"आधी हा धूर बंद करा," ते वैतागून म्हणाले, "मग दाखवतो."

चिरागचा हात मेनूकडे गेला. मी त्याच्या हातावर फाडकन मारलं.

"माझ्या बाबांनी कुठलं बटण दाबायचं होतं, साहेब?" मी विचारलं.

त्यांनी माऊस सोडला नाही, आणि आम्ही सगळे बघत होतो, ते हळूहळू दिव्याकडे निघाले.