गुरुवारचे मीठ

“बघत काय बसलीस? कान दे. लसूण तेलात पडला की बोलायला लागतो. त्यानं कुजबुजलं पाहिजे. भांडायला लागला, तर आच मोठी आहे समज.”

सांगणारा माणूस जाऊन बावीस दिवस झाले होते. तरी आवाज शेगडीच्या पलीकडून यावा इतक्या जवळून आला आणि रफूवालीने मुकाट्याने डोळे मिटून कान दिला. पातेल्यातला लसूण कडाकडा भांडत होता. ती आच कमी करेपर्यंत पाकळ्यांच्या कडा काळ्या पडल्या आणि करपट वास खिडकीतल्या बेसिलच्या कुंडीपर्यंत जाऊन पोचला.

हे दुसऱ्यांदा झाले. तिने तेल टाकून दिले, पातेले घासून कोरडे केले आणि पुन्हा गॅसवर ठेवले.

“अहो, अर्धं सांगून पळू नका,” ती पुटपुटली. “शेवटपर्यंत थांबा.”

गल्लीत तिला सगळे रफूवालीच म्हणत. कोटाला कसर लागो की पँट खिळ्याला अडकून फाटो, ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतला धागा काढून भोक असे भरायची, की ज्याचे कापड त्यालाही ते शोधावे लागे. नवरा आचारी. म्हणजे एके काळी होता. सतरा वर्षे त्याने बोटीवर शंभर-शंभर माणसांना जेवू घातले. मग एका सफरीत ताप आला, आणि जाताना तो नाकाचा वास आणि जिभेची चव दोन्ही घेऊन गेला. ज्याला खारट-आळणी कळत नाही, त्याला शेगडीपुढे कोण उभे करणार? तो घरी परतला आणि एका गोदामात खोकी रचायच्या कामाला लागला. लोक त्याला आचारीच म्हणत राहिले, आणि तोही ओ देत राहिला.

बाकी सगळे पदार्थ हातून गेले. एक टोमॅटोचा सॉस तेवढा राहिला. पहिल्या बोटीवरच्या म्हाताऱ्या इटालियन आचाऱ्याने तो त्याला शिकवला होता. तेल, लसूण, टोमॅटो, मीठ आणि शेवटी बेसिलची पाने. सहावी वस्तू घातलीस तर हात तोडीन, या अटीवर. त्या म्हाताऱ्याला डोळ्यांनी नीट दिसत नसे, म्हणून तो आवाजावर रांधायचा. तेव्हा हसण्यावारी नेलेली ती विद्या पुढे आचाऱ्याच्या कामी आली. लसूण बोलतो, टोमॅटो तर फारच बोलतो. मीठ मात्र बोलत नाही. मिठाला जीभ लागते.

रविवारी संध्याकाळी, गोदामातून आल्यावर, सॉस होत आला की तो हाक मारायचा, “माझी जीभ कुठे गेली?”

ती सुई कापडात खोचून उठायची, चमचा फुंकून चाखायची. “किंचित.” तो चिमूटभर घालायचा. “अजून?” “बस.”

“लोकांच्या बायका अर्धांगिनी असतात,” तो म्हणायचा. “माझी नुसती जीभ आहे. आणि तीही लांब.”

“लांब आहे म्हणून तर खिडकीतून शेगडीपर्यंत पोचते.”

गुरुवारी मात्र ही जीभ रजेवर असायची. लग्नानंतर तो पहिल्यांदा बोटीवर चढला, तो वार गुरुवार. त्या संध्याकाळी तिने देवापुढे दिवा लावून बोली केली होती. माझा माणूस सुखरूप येऊ दे, दर गुरुवारी दिवेलागणीपर्यंत मी पाण्याचा थेंबही तोंडात घालणार नाही. माणूस आला, पुढे कायमचाच आला, तरी तिने नेम सोडला नाही. काम झाल्यावर पाठ फिरवणे तिला गिऱ्हाइकाशी जमत नव्हते, मग देवाशी कुठून जमणार?

आणि गोदामाची सुट्टीही नेमकी गुरुवारची. मांडीचे हाड मोडल्यापासून सासूबाई बसने चार थांब्यांवरच्या वृद्धाश्रमात होत्या. या घराचे तीन जिने त्यांच्याने चढवले नसते. अकरा वर्षे, दर गुरुवारी, आचारी सकाळी सॉस करी, डब्यात भरी आणि आईकडे जाई. पाव सॉसमध्ये बुडवून ती खायची आणि हा समोर बसून बघायचा. गुरुवारी बायकोला चाखायला त्याने कधी बोलावले नाही. तिच्या नेमाची त्याने थट्टा भरपूर केली, पण तो मोडायला एकदाही लावला नाही.

इस्पितळात, शेवटच्या दुपारी, नळ्यांच्या जंजाळातून त्याने एवढेच म्हटले होते, “आईचा डबा चुकवू नकोस.”

“नाही चुकवणार.”

आणि लागोपाठ तीन गुरुवार चुकले होते. पहिल्या गुरुवारी तर शुद्धच नव्हती. पुढच्या दोन गुरुवारी धाकटा दीर आडवा आला. “आईला कळवायचं नाही, वहिनी. दादा पुन्हा बोटीवर गेलाय असं मी सांगितलंय. तिचं काळीज आता केवढं राहिलंय?” पण सोमवारी वृद्धाश्रमातल्या सिस्टरचा फोन आला. “आजी जेवत नाहीत हो. दोन घास आणि ताट सरकवतात. दाराकडे बघत बसतात. तुमचा तो लाल डबा आला तर खातील कदाचित.”

म्हणून आज, बुधवारी, ती शेगडीपुढे उभी होती. उद्या गुरुवार, उद्या चाखता येणार नाही. पहिलाच हात, त्यात चूक नको.

तिसऱ्या खेपेला लसूण कुजबुजला. तिने सोललेले टोमॅटो हातानेच कुस्करून वर ओतले, मीठ टाकले. आधी त्यांनी फटफट बडबड केली, ओट्यावर तांबडे शिंतोडे उडवले. अर्ध्या तासाने बडबड ओसरली, आवाज जाड झाला. पुक... मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा पुक. कडेने तेल सुटले. “आता त्याला सांगण्यासारखं काही उरलं नाही. बंद कर,” आवाज म्हणाला. तिने बेसिलची पाने तोडून टाकली, चाखले, आणखी किंचित मीठ घातले, पुन्हा चाखले. मोजून रविवारचा सॉस.

“बस,” ती सवयीने म्हणाली. थांबायला दुसरा हात नव्हता. चिमूट तिचीच होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाई तिला पलंगावर आधीपेक्षा लहान दिसल्या. धुऊन आटलेल्या लोकरीच्या कपड्यासारख्या.

“आलीस? तो कुठे आहे?”

“बोटीवर, आई.”

“बरं.”

सुनेने डबा उघडला, पावाचा तुकडा बुडवून हातात दिला. सासूबाईंनी घास घेतला, दोनदा चावला आणि तसाच धरून ठेवला. मग गिळला. उरलेला पाव त्यांनी डब्याच्या झाकणावर ठेवून दिला.

“काय झालं? बिघडलाय का?”

“छे गं. सुरेख झालाय. मीठ अगदी बरोबर पडलंय.”

“मग?”

“म्हणून तर.” म्हातारीने तिच्याकडे पाहिले. “अकरा वर्षांत एकदाही बरोबर नव्हतं.”

रफूवालीने डब्यात डोकावून पाहिले.

“खारट असायचा. असातसा नाही. तो दाराबाहेर पडला की मी दोन ग्लास पाणी प्यायचे.”

“आणि कधी बोलला नाहीत, आई?”

“कोणाला बोलू? समोर बसायचा, घास तोंडात गेला की विचारायचा, ‘जमलाय का गं?’ मी म्हणायचे, जमलाय. ज्याची जीभच गेली, त्याला का सांगू मीठ जास्त झालंय म्हणून? एकदा तो सर्दीनं पडला होता ना, तेव्हा धाकट्यानं बाजारातला आणून दिला, वरून सांगतो कसा, दादानंच केलाय! पहिल्या घासाला ओळखला मी.” त्या जरा हसल्या, आणि हसू अर्ध्यातच राहिले. “हा तुझ्या हातचा. आणि बोटीवर म्हणतेस. जिभेवाचून आचारी कोण घेतं गं बोटीवर? मी म्हातारी झालेय, खुळी नाही.”

सुनेची मान खाली गेली. उपासाने घसा कोरडा होताच. तरी तिने सांगायला तोंड उघडले.

सासूबाईंनी हात वर केला.

“आज नको सांगूस. तुझा उपास, माझंही पोट रिकामं. दोन उपाशी बायकांनी असलं बोलणं बोलू नये. पुढच्या गुरुवारी ये. त्याचा सॉस आण. तो करायचा तसा. मी आधी पोटभर जेवीन. मग काय ते खरं सांग. येशील?”

“येईन.”

“सांगशील?”

तिने मान हलवली.

“तोंडानं बोल.”

“सांगेन, आई.”

दीर रविवारी घरी आला तेव्हा तिने त्याला सगळे सांगितले. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता; मधल्या खुर्चीवर अजून आचाऱ्याची टोपी होती.

“वहिनी, कशाला ही ब्याद? चार महिने निघून जातील, ती विसरेल.”

“मिठाचा खडासुद्धा त्या विसरल्या नाहीत, भाऊजी. पोरगा विसरतील?”

“आणि काही झालं तिला म्हणजे?”

ती एका कोटाची बाही उजेडात धरून बसली होती. “कापडाचं भोक झाकून ठेवलं तर रफू होत नाही. आधी ते असं उजेडात धरावं लागतं. मगच धागा कुठून घालायचा ते कळतं.”

तो चेहऱ्यावरून हात फिरवून म्हणाला, “निदान तो उपास तरी सोडा आता. ज्याच्यासाठी धरलात, तोच राहिला नाही.”

“बोली त्यांच्या येण्याची होती. ते आले की. देवानं त्याचा शब्द पाळला.” तिने सुईत दोरा ओवला. “मी कोणत्या तोंडानं मोडू?”

“मग मी येऊ का गुरुवारी?”

“संध्याकाळी या. तोवर आम्ही दोघी पुरे.”

दीर गेल्यावर खरी काळजी सुरू झाली. तो करायचा तसा. पण गुरुवारी तो मीठ किती घालायचा, हे तिने कुठे पाहिले होते? ती तेव्हा खिडकीत, पाठमोरी, सुईवर डोळे लावून. तीन दिवस तिने आठवून पाहिले. खारट म्हणजे किती खारट? कमी पडले तर म्हातारी पुन्हा घास खाली ठेवील, आणि या खेपेला कदाचित कायमचा. फार झाले तर ती थट्टा होईल, आणि मेलेल्या माणसाची थट्टा त्याच्या आईपुढे करायची?

गुरुवारी पहाटे देवापुढे दिवा लावताना तिच्या हातून काडेपेटी ओट्यावर पडली. टक्. त्या आवाजाने तिचा हात थबकला.

बघत काय बसलीस? कान दे.

तिने पाहिले नव्हते, पण ऐकले तर होते. मिठाच्या बरणीचे झाकण. रविवारी ते दोनदा वाजे, एकदा टोमॅटोबरोबर आणि एकदा तिच्या ‘किंचित’नंतर. गुरुवारीही टोमॅटोबरोबर एकदा आणि शेवटी एकदा वाजे. मग काही वेळ शांतता. तो तिथे पातेल्यापुढे उभा असणार, चमचा हातात, कोणाला विचारावे हे न कळून. खिडकीकडे बघतही असेल. आणि मग तिसऱ्यांदा टक्, आणि त्याचा हलका आवाज, “असू दे.”

अकरा वर्षे तिने ते ‘असू दे’ ऐकले होते. तो भाजीच्या देठांशी नाहीतर झुरळाशी बोलत असेल, असे तिला वाटे. मागे वळून पाहावे असे एकदाही वाटले नव्हते.

तिने तेल तापवले. लसूण कुजबुजला. टोमॅटोबरोबर झाकण एकदा वाजले. टोमॅटो बडबडले, मंदावले, गप्प झाले. पाने घातल्यावर झाकण दुसऱ्यांदा वाजले. चमचा खिळ्यावर कोरडाच टांगलेला होता. तिने तो काढला नाही. आचारी उभा राहायचा तिथे, फरशी किंचित खचली होती तिथे, ती उभी राहिली. खिडकीकडे पाहिले. खिडकीत कोणी नव्हते, कोटाची बाही होती, आणि तिच्यात खोचलेली सुई.

तिने झाकण तिसऱ्यांदा काढले. चिमूट भरली.

“असू दे,” ती म्हणाली.

मग लाल डबा भरला. झाकण घट्ट लावले, पाव स्वच्छ कापडात गुंडाळला. निघता निघता तिला आठवण झाली. तिने फडताळातली मोठी बाटली काढली, दोन ग्लास सहज मावतील अशी, आणि माठातले गार पाणी तिच्यात काठोकाठ भरले. बाटलीच्या अंगावरून ओघळलेले थेंब तिने पदराने टिपून घेतले. कोरडे ओठ घट्ट मिटलेले ठेवून, थेंबन् थेंब.

पिशवीत एका बाजूला डबा, एका बाजूला पाणी. तिने दार ओढून घेतले आणि तीन जिने हळूहळू उतरायला लागली, डबा कलंडू नये म्हणून पिशवी पोटाशी धरून.